आधी मोजमाप, मग मांड्या, शेवटी पुडी: पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांसाठी

भजनाला मांडी घालून बसलेला माणूस उठताना शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टेकायला लागला, की घरचे म्हणतात, वय झालं. वय झालेलं असतंच, पण उठता न येण्याचं कारण बरेचदा दुसरं असतं. मांड्यांचे स्नायू वापराअभावी आटलेले असतात, आणि नीट व्यायाम दिला तर ते सत्तरीतही परत भरतात. रात्री चारदा लघवीला उठणं, चढावर दम लागणं, अंथरुणातली ताकद कमी होणं, यांच्याही मागे शोधता येणारी कारणं असतात. पण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडचा पुरुष अशा तक्रारी दवाखान्यात सांगायला लाजतो आणि बाजारातून पुडी आणतो. क्रम तिथेच उलटा पडतो. आधी मोजायचं, मग पाय आणि ताट सुधारायचं, आणि चूर्ण-काढ्यांकडे सगळ्यात शेवटी वळायचं. पुढचं सगळं त्याच क्रमाने आहे.

पहिला आठवडा: वही, टेप आणि बीपीचं मशीन

शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर कमरेचा घेर लिहा. पँटचा नंबर म्हणजे घेर नव्हे, कारण पोट सुटलं की पँट पोटाखाली उतरते आणि नंबर वीस वर्षं तोच राहतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडा, पोट आत न ओढता माप घ्या. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, ही धोक्याची रेषा आहे. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, अशी शरीरयष्टी आपल्याकडे खूप दिसते. वजन काट्यावर ठीक दिसत असलं तरी मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका या घेरात लपलेला असतो.

बीपीसाठी दंडाला पट्टा लावायचं मशीन घ्या. मनगटावरच्या मशीनचे आकडे हाताच्या उंचीप्रमाणे भरकटतात. पट्ट्यावर दंडाच्या घेराचे आकडे छापलेले असतात, बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर. दंड त्याहून जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या. लहान पट्टा आवळून बसवला की बीपी खोटंच जास्त दिसतं आणि नको असलेली गोळी मागे लागते. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी नाही. लघवी करून या. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर छातीच्या पातळीत ठेवा, पट्टा उघड्या दंडावर बांधा. एक मिनिट सोडून दोनदा मोजा. असं सकाळ-संध्याकाळ सात दिवस करा, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि उरलेल्यांची सरासरी काढा. घरातली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. दवाखान्यात हीच रेषा १४०/९० धरतात, कारण तिथे बहुतेकांचं बीपी थोडं चढतं. आकडा १८०/१२० च्या पुढे आणि सोबत छातीत दुखणं, दम, बोलण्यात अडखळ, डोळ्यांपुढे अंधारी असं काही असेल तर सात दिवस थांबायचं नाही, त्याच क्षणी निघायचं.

एक मोजमाप जवळजवळ कोणी करत नाही. पाच मिनिटं आडवे पडून बीपी घ्या, मग उभे राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला, तर पहाटे उठून अंधारात मोरीकडे जाताना पडण्याचं कारण तेच असू शकतं. बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी हे होतं. गोळी स्वतःहून बंद करू नका. वेळ किंवा मात्रा बदलून घेता येते.

रक्ताच्या तपासण्यांची यादी लांब करायची गरज नाही. आठ तास उपाशी राहून साखर (१०० च्या आत ठीक, १०० ते १२५ उंबरठ्यावर, १२६ पासून पुढे मधुमेह), एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी; ५.७ च्या आत ठीक, ६.५ पासून मधुमेह), कोलेस्टेरॉलचा पूर्ण संच, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि लघवीची तपासणी. मधुमेह किंवा बीपी आधीच असेल तर लघवीतलं अल्ब्युमिनही करून घ्या. मूत्रपिंड बिघडायला लागल्याची पहिली खूण तिथे दिसते, क्रिएटिनिन फार उशिरा वाढतं. साखर पहिल्यांदा वाढलेली आली आणि त्रास काही नसेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासल्याशिवाय शिक्का मारून घेऊ नका. साखर आणि बीपीची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते. चकचकीत 'फुल बॉडी चेकअप' पॅकेजमधल्या साठ-सत्तर तपासण्यांतल्या निम्म्या तुमच्या काही कामाच्या नसतात, आणि एखादा आकडा किंचित इकडेतिकडे आला की उगाच झोप उडते.

शेवटची परीक्षा खुर्चीची. बिनहाताची, साधारण सतरा इंच उंचीची खुर्ची भिंतीला लावा. हात छातीवर घडी घाला आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाला १४ च्या खाली, पासष्ट ते चौऱ्याहत्तरला १२ च्या खाली, पंचाहत्तर ते एकोणऐंशीला ११ च्या खाली आलं, तर पाय कमजोर आहेत आणि पडण्याचा धोका जास्त आहे. हात टेकावाच लागला तर आकडा शून्य लिहा. लाजू नका, तीन महिन्यांनी याच पानावर परत यायचं आहे.

मांड्या

'शेतात दिवसभर राबतो, वेगळा व्यायाम कशाला?' हा आक्षेप पूर्वी खरा होता. आता नांगरट ट्रॅक्टरने होते, पाणी मोटारीने सुटतं आणि बांधापर्यंत दुचाकी जाते. जे उरतं ते वाकून करायचं, पाठ मोडणारं काम. त्याने थकवा येतो, पण मांड्यांना हवा तसा चढता भार मिळत नाही आणि तोल तर मुळीच सुधारत नाही. चालायला जाणाऱ्यांचंही असंच होतं. बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत किंवा किल्ला तलावाकाठी रोज पाऊण तास फिरणाऱ्याचं हृदय चांगलं राहतं, पण नुसत्या चालण्याने स्नायूंची झीज थांबत नाही. दोन्ही लागतं.

चालण्याचं गणित आठवड्याला किमान १५० मिनिटांचं आहे. वेग इतका हवा की शेजारच्याशी बोलता येईल, पण अभंग म्हणता येणार नाही. मिनिटाला साधारण शंभर पावलं पडतात. खानापूर, जांबोटीकडे जून ते सप्टेंबर पाऊस हटत नाही आणि तेवढ्यात सवय मोडते. तेव्हा घराच्या सोप्यात, देवळाच्या सभामंडपात दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडा. तुकड्यांची बेरीज चालते.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड. चढावर छातीत आवळल्यासारखं होत असेल, हल्ली कधी चक्कर येऊन पडला असाल किंवा बीपी १८० च्या घरात असेल, तर आधी डॉक्टर आणि मगच हे.

१. खुर्ची-बैठक. पहिले दोन आठवडे ८ वेळा, अशा दोन फेऱ्या, गरज पडली तर हात टेकून. बसताना मनात तीन मोजत सावकाश खाली या. धपकन बसलात तर अर्धा फायदा गेला, कारण शरीर सावरत खाली येतानाही मांड्यांवर मोठा भार पडतो. तिसऱ्या आठवड्यापासून हात न टेकता १० च्या तीन फेऱ्या. सातव्या आठवड्यापासून पाठीवरची पिशवी छातीशी धरा, आत पाण्याची दोन लिटरची एक बाटली, मग दोन. गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर पाय थोडे फाकवा.

२. भिंतीवरचे जोर. भिंतीपासून दोन फूट मागे उभं राहून १० वेळा. सोपं वाटलं की स्वयंपाकाच्या ओट्यावर हात टेकून, मग बाकावर.

३. बादली. पाच लिटर पाणी भरलेली बादली, पाठ सरळ ठेवून, गुडघ्यात वाकून उचला आणि वीस पावलं न्या. मग हात बदला. खांदे, मनगट, पकड, पोट, सगळ्याचा एकदम व्यायाम होतो.

४. टाचा उचलणं. दाराची चौकट धरून चवड्यांवर १५ वेळा.

५. तोल. ओट्याजवळ एका पायावर १० सेकंद, मग दुसऱ्या. फरशीच्या रेघेवर एका पावलाच्या बोटांना दुसरी टाच लावत दहा पावलं. हे मात्र रोज.

जोर लावताना श्वास सोडायचा. दम कोंडून कुंथलात तर बीपी क्षणात उसळतं. व्यायामानंतर दोन दिवस मांड्या दुखणं ठीक आहे. गुडघा सुजला किंवा सांध्यातलं दुखणं दुसऱ्या दिवशीही टिकलं, तर फेऱ्या कमी करा, व्यायाम सोडू नका.

तालमीत वाढलेल्या जुन्या पैलवानांना वेगळं सांगायला हवं. त्यांना बैठका माहीत असतात, अडचण आकड्याची असते. तिशीत शेकड्याने मारल्या म्हणून बासष्टाव्या वर्षी गॅप पडल्यावर एकदम शंभर मारल्या, की गुडघ्याची गादी तक्रार करते. अर्ध्या बैठकीपासून सुरुवात करा. आणि खुराक तरुणपणीचा, मेहनत मात्र बंद, यातून जी पोटं सुटतात ती गावोगावच्या कट्ट्यांवर दिसतातच.

ताट

वयाबरोबर शरीर तेवढ्याच प्रथिनांतून स्नायू कमी बनवतं, म्हणून ती जास्त लागतात. वजनाच्या दर किलोला १ ते १.२ ग्रॅम. पासष्ट किलोच्या माणसाला ६५ ते ७८ ग्रॅम. चहा-खारी, दुपारी भाकरी-भाजी आणि रात्री भात नि पातळ आमटी, अशा जेवणात ते निम्म्यानेही होत नाहीत. आमटीची वाटी पाण्याची असते, डाळ त्यात मूठभरही नसते.

हिशेब करून दाखवायचा तर असा. सकाळी ४० ग्रॅम मुगाची उसळ (९ ग्रॅम प्रथिनं) आणि २०० मिली दूध (६). दुपारी जोंधळ्याच्या दोन भाकऱ्या (११), ४० ग्रॅम हुलग्याची घट्ट उसळ (९), वाटीभर दही (५). चार वाजता मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे (७). रात्री दोन भाकऱ्या (११) आणि ४० ग्रॅम बेसनाचा झुणका (९). झाले ६७. अंडी खाणाऱ्याला दोन अंड्यांत १२ मिळतात. आपल्या भागात सोयाबीन भरपूर पिकतं आणि सगळं विकलं जातं, घरात मात्र येत नाही. ३० ग्रॅम सोयाबीनमध्ये ११ ग्रॅम प्रथिनं आहेत. त्याने पुरुषी हार्मोन घटतो ही भीती नेहमीच्या खाण्यातल्या प्रमाणाला लागू नाही. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मात्र प्रथिनांचा आकडा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

नाचणा सोडू नका. शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. हाडं ठिसूळ होणं ही फक्त बायकांची गोष्ट नाही. खुब्याचं हाड मोडल्यानंतर वर्षभरात दगावण्याचं प्रमाण पुरुषांत बायकांपेक्षा जास्त असतं. नाचण्याची आंबील, वर ताक, हा आपला जुना नाश्ता आजही पुरेसा चांगला आहे.

मिठासाठी घरात एकच युक्ती करा. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, चार माणसांना महिन्याला ६०० ग्रॅम. तेवढंच मीठ एका बरणीत काढा आणि संपलं की महिना संपला असं धरा. त्यात ठेचा, लोणचं, पापड, सांडगे, फरसाण यांतलं मीठ धरलेलं नाही, म्हणजे खरं तर बरणीत त्याहूनही कमी मीठ काढायला हवं. कमी सोडियमचं मीठ बीपीला चांगलं, पण त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बीपीची रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन अशी गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नको.

शाकाहारी माणूस, मधुमेहासाठी अनेक वर्षं मेटफॉर्मिन घेणारा आणि रोज ॲसिडिटीची गोळी खाणारा, यांचं बी-१२ घटतं. तळपायाला मुंग्या, चालताना कापसावर पाय पडल्यासारखं, विसराळूपणा, अशी लक्षणं दिसतात. ती म्हातारपणावर ढकलली जातात आणि मज्जातंतूंचं नुकसान कायमचं होतं. ही तपासणी मागून घ्या.

तंबाखू

निपाणीचा पट्टा तंबाखूवर उभा राहिला, तेव्हा इथे 'सोडा' म्हणणं सोपं नाही. तरी पुरुषाचं म्हातारपण बिघडवणारी एकच गोष्ट निवडायची झाली तर हीच. हृदयाच्या, मेंदूच्या आणि लिंगाच्या रक्तवाहिन्या, तोंड, फुप्फुसं आणि मूत्राशय, सगळीकडे ती पोचते.

दिवस ठरवा, सुगीचा किंवा लग्नसराईचा नको. आदल्या रात्री डबी, चुना, लायटर घराबाहेर. २ मिलिग्रॅमचं निकोटिन गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं, पण बहुतेक जण ते साध्या च्युइंगगमसारखं चघळतात, मळमळतं आणि म्हणतात, याने काही होत नाही. रीत अशी: दहा-पंधरा वेळा सावकाश चावा, झणझणलं की थांबा आणि गालात दाबून ठेवा, बार भरतात तसं. झणझण गेली की पुन्हा चावा, गाल बदला. एक गम अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा-कॉफी नाही, कारण तोंडात आम्लता वाढली की निकोटिन शोषलं जात नाही. पहिले सहा आठवडे दिवसाला ८ ते १२, मग हळूहळू कमी. तलफेचे पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट, दोन ते चार आठवड्यांत जोर ओसरतो. एखादा दिवस घसरलात तर त्या दिवसापुरतेच घसरलात. तंबाखू सोडवण्यासाठी मदतीचा फोन १८००-११२-३५६, फुकट आहे. तंबाखू सोडून सुपारी धरणं ही सुटका नव्हे, सुपारीनेही तोंडाचा कर्करोग होतो.

महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर तोंड उघडा. उभी तीन बोटं आत जात नसतील, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर दातांच्या डॉक्टरांकडे जा. तंबाखूच्या शेतात ओल्या पानांत काम करणाऱ्यांनी पूर्ण बाह्या आणि हातमोजे घालावेत. दवाने भिजलेल्या पानातून निकोटिन कातडीतून अंगात जातं, आणि दुपारची ती मळमळ-चक्कर उन्हाची समजली जाते.

लघवी

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. वयाने ती वाढते आणि मधून जाणारी नळी दाबते. वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. डॉक्टर गेल्या महिन्याबद्दल सात प्रश्न विचारतात: पूर्ण झाल्यासारखं न वाटणं, दोन तासांच्या आत परत जावं लागणं, धार तुटणं, कळ न निघणं, धार बारीक होणं, कुंथावं लागणं, रात्री उठावं लागणं. प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरीज ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० पासून पुढे तीव्र. गुण वहीत लिहून नेले की लाजत सांगायची वेळ येत नाही.

रात्रीच्या उठण्याला मात्र प्रोस्टेटच जबाबदार असतं असं नाही. तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मापाच्या भांड्यात मोजा आणि वेळ लिहा. रात्रीची अधिक सकाळची पहिली, ही बेरीज चोवीस तासांच्या एक तृतीयांशाहून जास्त असेल तर लघवी रात्री जास्त तयार होते आहे. मग कारण शोधायचं ते साखरेत, पायांवरच्या सुजेत, झोपेतल्या घोरण्यात किंवा संध्याकाळी घेतलेल्या लघवीच्या गोळीत. दिवसा पायात उतरलेलं पाणी आडवं पडल्यावर रक्तात परतून लघवी बनतं. म्हणून पाय सुजत असतील तर दुपारी चारच्या सुमारास तासभर पाय उशीवर ठेवून पडा, म्हणजे ते पाणी झोपण्याआधी निघून जाईल. रात्री आठनंतर चहा, ताक, दारू नको.

बसून लघवी केली तर मूत्राशय जास्त मोकळं होतं. झाल्यावर अर्धा मिनिट थांबून पुन्हा प्रयत्न करा. उठल्यावर पँटमध्ये थेंब सांडत असतील तर अंडकोषाच्या मागच्या बाजूला बोटांनी दाबत पुढे आणा, नळीत अडकलेली लघवी निघते. ओटीपोटाच्या खालचे स्नायू, म्हणजे वारा अडवताना आवळतो ते, पाच ते दहा सेकंद आवळून सोडा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. बद्धकोष्ठाने लघवी आणखी अडते, म्हणून पोट साफ ठेवा.

सर्दीच्या गोळ्यांपासून सावध. त्यांत नाक मोकळं करणारी आणि झोप आणणारी जी औषधं असतात, ती प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी पूर्ण बंद पाडू शकतात. पावसाळ्यात सर्दी झाली, मेडिकलमधून पट्टी आणली आणि मध्यरात्री नळी घालायला दवाखाना गाठावा लागला, हे नेहमी घडतं. प्रोस्टेटची टॅमसुलोसिन गोळी चालू असेल तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगायचंच, कारण तिने बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो.

दुखत नाही पण लघवीतून रक्त गेलं, एकदाच का होईना, तर थांबू नका. तंबाखू-विडी ओढणाऱ्यात ती मूत्राशयाच्या कर्करोगाची खूण असू शकते. आपोआप थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही.

पीएसए ही प्रोस्टेटच्या कर्करोगाचा संशय दाखवणारी रक्ततपासणी सगळ्यांनी दरवर्षी करावी असं नाही. पंचावन्न ते एकोणसत्तर या वयात फायदा-तोटा समजून घेऊन ठरवायची, वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कर्करोग असेल तर त्याआधी. सत्तरीनंतर लक्षणं नसताना सहसा करत नाहीत, कारण कधीच त्रास न देणारा संथ कर्करोग सापडतो आणि उपचारांचे त्रास मात्र खरे होतात. करायची असेल तर आधी दोन दिवस सायकल आणि वीर्यपतन टाळा. लघवीचा संसर्ग झाला असेल तर सहा आठवडे थांबा. प्रोस्टेटची फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड गोळी चालू असेल तर आकडा निम्मा दिसतो, डॉक्टरांना सांगा.

अंथरुणातली ताकद आणि भिंतींवरच्या जाहिराती

एसटी स्टँडच्या भिंतींवर ज्याची जाहिरात असते तो आजार बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांचा असतो. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून त्या आधी अरुंद झाल्याचं कळतं. ताठरता कमी होऊ लागल्यावर दोन ते पाच वर्षांत हृदयाचा त्रास उभा राहिल्याचं वारंवार दिसलं आहे. तेव्हा ही तक्रार म्हणजे बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासायची सूचना समजा. भिंतीवरच्या 'शंभर टक्के आयुर्वेदिक' गोळ्यांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं आढळतं. छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने असली पुडी खाल्ली तर बीपी कोसळून जीव जाऊ शकतो.

टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, वयाबरोबर वर्षाला साधारण एक टक्का घटतं. ते तपासायचं तर सकाळी दहाच्या आत आणि दोन वेगळ्या दिवशी. एकदा दुपारी केलेल्या तपासणीवर इंजेक्शन सुरू करणाऱ्यापासून लांब राहा. त्या इंजेक्शनने रक्त घट्ट होतं आणि शुक्राणू बंद होतात. पोट कमी केलं, झोप सुधारली की बऱ्याच जणांचा आकडा आपसूक वर येतो.

आता पुडी

पूरक उपाय सगळे टाकाऊ नाहीत, पण सगळे सारखेही नाहीत. योगासनं आणि सावकाश श्वसनाने बीपी थोडं उतरतं, झोप सुधारते, तोलही सुधारतो, म्हणून ते जरूर करा. काचबिंदू किंवा न उतरलेलं बीपी असेल तर शीर्षासन आणि कुंभक (श्वास रोखून धरणं) वर्ज्य. इसबगोल, रात्री एक-दोन चमचे पूर्ण पेलाभर पाण्यातून, पोटही साफ ठेवतं आणि वाईट कोलेस्टेरॉलही थोडं उतरवतं. इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा आणि कमी पाण्यात कधीच नको, घशात फुगतं. भिजवलेली मेथी साखर थोडी कमी करते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असेल तर तीच मेथी साखर जास्तच खाली नेईल, म्हणून मोजत राहा.

अश्वगंधाने ताण आणि झोपेवर थोडा फरक पडल्याचे छोटे अभ्यास आहेत. तरी यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत, आणि थायरॉइडचा आकडा ती वर ढकलू शकते. घ्यायचीच तर मुळाची घ्या. पानं वापरू नयेत असं आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना कळवलं आहे. करोनाच्या काळात गुळवेलीचे काढे महिनोन्‌महिने पिणाऱ्या काही जणांना यकृताचा त्रास झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी त्याच वर्षी नोंदवलं. दुधीचा रस पिणाऱ्यांनी एक घोट आधी चाखायचा. कडू लागला तर ओतून द्यायचा, 'औषध कडूच असतं' म्हणून पिऊन टाकायचा नाही. कडू दुधीतल्या विषाने रक्ताच्या उलट्या होतात, माणसं दगावली आहेत. वजनदार नावांच्या भस्मांत शिसं आणि पारा असू शकतो, त्यामुळे बिलाशिवाय, उत्पादकाच्या नावाशिवाय मिळणारं भस्म नकोच. गुडघेदुखीला 'रामबाण' पुडीने दोन दिवसांत चमत्कार झाला तर आत स्टिरॉइड असल्याचा संशय घ्या. तोंड सुजणं, साखर उसळणं या पुढच्या खुणा. मेडिकलमधून रोज डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी घेणाऱ्यांचंही काही वेगळं नाही, मूत्रपिंडं आणि बीपी दोन्ही बिघडतात.

आयुर्वेदिक उपचार घ्यायचे असतील तर पदवीधर वैद्यांकडे जा. बेळगावात शहापूरला आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. एका वेळी एकच औषध, आठ आठवडे, वहीत तारीख. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, असं काही दिसलं तर त्याच दिवशी बंद. ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी सगळी चूर्णं बंद आणि डॉक्टरांना यादी.

उरलेलं थोडक्यात

फ्लूची लस दरवर्षी पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये. न्यूमोनियाची लस पासष्टीनंतर, मधुमेह किंवा दमा असेल तर त्याआधी. धनुर्वाताचा डोस दर दहा वर्षांनी, शेतात काम करणाऱ्याने विसरूच नये. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसा पेंगणं एकत्र असेल तर झोपेची तपासणी. कमी ऐकू येऊ लागलं तर मशीन लवकर लावा, न ऐकणारा माणूस हळूहळू बोलणंही सोडतो. पोरं पुण्या-मुंबईला, बायको गेलेली, आणि निवृत्त माणूस जेवणसुद्धा टाळतोय, तर तो 'शांत झालाय' असं म्हणू नका. मन मोकळं करायला टेलिमानसचा १४४१६ क्रमांक चोवीस तास चालतो.

घरात मोरीला खरखरीत फरशी, भिंतीला पकडायचा दांडा, पलंगापासून मोरीपर्यंत रात्रीचा दिवा. पावसाळ्यात अंगणातल्या फरशीवरचं शेवाळ दर आठवड्याला घासून काढा.

छातीत आवळल्यासारखं होऊन घाम फुटला, तर वाट न बघता १०८. मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून जायचं नाही, वाटेत हृदय थांबलं तर काही करता येत नाही. कर्नाटकाच्या 'पुनीत राजकुमार हृदय ज्योती' योजनेत सरकारी दवाखान्यांत ईसीजी आणि गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची सोय सुरू झाली आहे. तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात ती आहे का, हे आजच विचारून ठेवा. तोंड वाकडं, हात लुळा, बोली अडखळली तर साडेचार तासांच्या आत सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात पोचायचं, आणि लक्षणं नक्की किती वाजता सुरू झाली ते सांगायचं. कणकुंबीसारख्या लांबच्या गावाकडून निघणाऱ्याने वेळ त्या हिशेबाने धरावी.

पाटी कानडी, रिपोर्ट इंग्रजी आणि सांगणारा मराठी, अशी आपली तऱ्हा. म्हणून खिशात एक जाड कागद ठेवा: रोजच्या गोळ्यांच्या पट्ट्यांवरची नावं इंग्रजीतून जशीच्या तशी, मात्रा, कशाची ॲलर्जी, आधीचे आजार, घरच्या दोघांचे फोन. चूर्ण-काढ्यांची नावंही त्यातच. नव्या गोळ्या आल्या की कागद बदला आणि जुना फाडून टाका.